ब्रेमर-सेन्सेई काय म्हणाले

"या मुलीला सांगा, ती व्हायोलिन वाजवत नाहीये. ती लाकूड कापतेय. आणि तेही तिला धड कापता येत नाहीये."

नोकरीच्या पहिल्या दिवशी जर्मनमधून जपानीत न्यायला मिळालेलं हे माझं पहिलं वाक्य. बोलणारे ब्रेमर-सेन्सेई, म्हणजे ब्रेमर सर. समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी, एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात ते वाजवायचा बो. बाजूच्या खुर्चीत तिची आई, मांडीवर हात जुळवून, आता काय ऐकायला मिळतं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत असलेली.

मी जपानीत म्हटलं, "तुझ्या हातात खूप ताकद आहे, हे सेन्सेईंच्या लक्षात आलं आहे. आता त्यातली थोडी बाजूला ठेवू या. बो तारेवर दाबू नकोस, नुसता टेकव, असं ते सुचवतात."

आई कमरेत वाकली. मुलगीही वाकली. मग तिने हात सैल सोडून बो ओढला आणि खरोखरच बरा आवाज आला.

ब्रेमर-सेन्सेईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी एवढंसं बोललो. तुम्ही इतका वेळ काय सांगत होतात?"

"तेच."

"तेच?"

"जपानीत तेवढं लागतं."

ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, पण आवाज सुधारला होता आणि त्यांना आवाजाशी मतलब होता. आमचं पुढे इतकी वर्षं जमलं ते या एका "हं"वर.

मी दुभाषी आहे. आमच्या काळी पुण्यात जर्मन शिकणं म्हणजे "मुलगी हुशार आहे, मग सायन्सला का नाही गेली?" या प्रश्नाला दिलेलं एक सभ्य उत्तर होतं. जपानी त्यानंतर घेतलं. मैत्रीण जात होती आणि क्लास घराजवळ होता, याखेरीज त्याला कारण नव्हतं. पुढे लग्न झालं, मिलिंदला कंपनीने टोकियोला पाठवलं आणि माझ्या दोन बिनकामाच्या भाषांपैकी एक अचानक दूध-भाजी आणायला आणि कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीतून टाकायचा ते वाचायला उपयोगी पडू लागली. दुसरी तशीच पडून राहिली.

आमचा पत्ता हिगाशी-कसाई. सासूबाईंना फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "कसाई? अगं, दुसरीकडे कुठे जागा नव्हती का?" त्यात माझं आडनाव जोशी. जपानीत 'जोशी' म्हणजे बायका, मुली. मुलाच्या शाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा माझं आडनाव एका दारावर मोठ्या अक्षरांत दिसलं, आणि ते दार बाथरूमचं होतं. कसाईत राहणारी जोशीण म्हणून आमच्या सोसायटीतल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी माझी जी काय थट्टा करायची ती करून घेतली.

मुलगा शाळेत रुळल्यावर मी कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, बाइतो धरला. भाताचे त्रिकोण फळीवर मांडायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आनंदाने ओरडून या म्हणायचं, असं ते अर्धवेळ काम. तिथल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून कळलं की कावासाकीच्या बाजूला एका ऑर्केस्ट्राला जर्मन येणारं माणूस हवं आहे. मी गेले. तिथल्या ऑफिसचे प्रमुख मोरिता-सान यांनी मुलाखत घेतली. पांढरेशुभ्र केस, मृदू आवाज, दर वाक्याआधी थोडा श्वास. म्हणाले, "आमचे ब्रेमर-सेन्सेई फार मनमोकळे आहेत." माझ्या आधीचे दोन दुभाषी रडत निघून गेले होते, हे मला रुजू झाल्यावर कळलं. मोरिता-सानांची भाषा शिकण्याचा तो माझा पहिला धडा.

ब्रेमर-सेन्सेई पूर्व जर्मनीतल्या एका लहान गावचे. शाळेत रशियन शिकलेले, त्यामुळे इंग्रजीच्या नावाने शून्य. देश एक झाला तेव्हा शेजारशेजारच्या गावांतले दोन ऑर्केस्ट्राही एक झाले, आणि माणसं दुप्पट पण खुर्च्या तेवढ्याच अशी वेळ आली. काही वर्षं तग धरून शेवटी ते जपानला आले. बायको आली नाही. पुढे घटस्फोट झाला, त्याबद्दल ते "ती पहिल्या व्हायोलिनमध्ये होती" एवढंच सांगत. इथे राहून त्यांनी जेवण मागवण्यापुरतं आणि तक्रार करण्यापुरतं जपानी शिकून घेतलं होतं. बाकी वाजवायला भाषा लागत नाही आणि दुकानात बोट दाखवून भागतं. पण त्यांना वाद्यवृंदातली एक तुकडी सांभाळायची होती, संध्याकाळी मुलांना शिकवायचं होतं, आणि बोट दाखवून कुणाला नीट रागावता येत नाही.

ते सेकंड व्हायोलिनचे प्रमुख होते. आता हे जरा सांगायला हवं, कारण नोकरीच्या सुरुवातीला मलाही ते उपकप्तानासारखं काहीतरी वाटलं होतं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या दोन तुकड्या असतात. पहिली तुकडी चाल वाजवते, म्हणजे जे तुम्ही घरी जाताना गुणगुणता ते. दुसरी तुकडी त्याच्या खाली भरण घालते. ती चांगली वाजली तर पहिली सुंदर वाटते आणि वाईट वाजली तर सगळाच ऑर्केस्ट्रा वाईट वाटतो. दुसऱ्या तुकडीचं स्वतंत्र कौतुक होण्याची सोयच नसते. प्रमुखाने पहिल्या बाकावर बसायचं, कुठल्या सुरावर बो खाली ओढायचा आणि कुठे वर, याच्या खुणा पेन्सिलीने करून द्यायच्या, आणि आत यायची वेळ झाली की श्वास आणि खांदा अशा बेताने हलवायचा की मागचे सगळे त्याच्याबरोबर आत येतील. ब्रेमर-सेन्सेईंचा खांदा प्रसिद्ध होता. पाहुणे कंडक्टर काय वाटेल ते हातवारे करत, सेकंडवाले सेन्सेईंच्या खांद्याकडे बघून वाजवत.

तालमीत त्यांचा सगळा राग मागच्या बाकांवर निघे. "मागच्यांना सांगा, पुढची गाडी केव्हाच सुटली, आता प्लॅटफॉर्मवर काय शोधताय?" मी सांगत असे, "मागच्या बाजूने अजून थोडं लवकर आलात तर सेन्सेईंना आनंद होईल." मागचे मान डोलवत. माझी खात्री आहे, त्यांना मूळ वाक्य समजलेलं असायचं. आवाजाचा वरचा सूर कुठल्याही भाषेत सारखाच ऐकू येतो. पण मधे मी आहे म्हणून आपल्याला समजलं नाही असं दाखवायची सोय होती, आणि ऑर्केस्ट्रा मला पगार द्यायचा तो मुख्यतः या सोयीचा.

अशी काही वर्षं चांगली गेली. मग एका दुपारी मोरिता-सानांनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत चहाला बोलावलं. सोबत साकुराच्या, म्हणजे चेरीच्या पानात गुंडाळलेली मिठाई होती. इथल्या ऑफिसात खास मिठाई निघाली की मी सावध होते.

मोरिता-सान बराच वेळ हवामानावर बोलले. मग म्हणाले, "सेन्सेई इतकी वर्षं आमच्यासाठी झटले. पुढच्या सीझनला तरुण मंडळींनाही जबाबदारीचा अनुभव मिळावा, असं एक मत पुढे आलं आहे. सेन्सेईंनी तब्येतीला जपून जरा दुरून मार्गदर्शन केलं, तर आम्हा सगळ्यांना किती धीर येईल. अर्थात अजून सगळ्या बाजूंनी विचार चालू आहे."

मी शब्दाला शब्द ठेवून जर्मनमध्ये सांगितलं. एरवी मी थोडी भर घालते, थोडी काढते. त्या दिवशी काहीही केलं नाही, कारण करायला मन धजलं नाही.

ब्रेमर-सेन्सेईंचा चेहरा फुलला. "त्यांना सांगा, तब्येत उत्तम आहे. आणि मार्गदर्शन मी करतोच आहे. ही मिठाई अजून आहे का?"

आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो. ते खुशीत होते, पुढच्या सीझनच्या कार्यक्रमांबद्दल बोलत होते. मी मनात भांडत होते. दुभाष्याने बोललेलं सांगायचं असतं, न बोललेलं सांगणं हा आगाऊपणा. पण न बोललेलंच जर सगळं असेल तर? तिकिटाच्या गेटापाशी मी थांबले.

"सेन्सेई, त्यांनी तुम्हाला काढलं."

"कधी?"

"आत्ता. चहा पिताना."

"तुम्ही तर तसं काही सांगितलं नाहीत."

"ते तसं काही बोललेच नाहीत."

येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. "मग तुम्हाला कसं कळलं?"

आता हे कसं समजावणार? पानातली मिठाई, हवामानावरचा वेळ, 'एक मत पुढे आलं आहे' मधलं कुणाचंच नसलेलं मत. मी म्हटलं, "पुण्यात लग्नाच्या मुलीला बघायला आलेली माणसं 'कळवतो' म्हणून जातात ना, तसं." त्यांना पुण्यातल्या मुली बघायचा अनुभव नसल्यामुळे ते उदाहरण वाया गेलं. पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं. त्यांनी विचारलं, "काढलं याला इथे काय शब्द आहे? सरळ शब्द?"

मी सांगितला. जपानीत नोकरीवरून काढणं याला 'कुबी' म्हणतात. कुबी म्हणजे मान. मान उडवली, अशातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत ते ऑफिसात शिरले होते. सगळे आपापल्या टेबलाशी कामात. दारातच उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात, मला न घेता, आयुष्यातलं बहुधा पहिलं पूर्ण जपानी वाक्य उच्चारलं:

"मोरिता-सान! मी मान आहे का?"

ते मला जिन्यातच ऐकू आलं. मी धावत पोचले तेव्हा मोरिता-सान खुर्चीतून उठत होते. त्यांना सगळं कळलेलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण जन्मभराची सवय मदतीला धावून आली. ते म्हणाले, "मानेला त्रास होतोय का सेन्सेईंना? व्हायोलिनवाल्यांना होतोच. माझ्या ओळखीत एक फार चांगले मालिशवाले आहेत."

सेन्सेईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मालिशवाला सुचवतायत. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट गळ्यावरून आडवं ओढलं, क्र्र्क असा आवाज काढला, आणि सगळ्यांकडे बघत पुन्हा विचारलं, "कुबी?"

यावर "हो" म्हणायला त्या खोलीत कुणाची जीभ रेटणार होती? मोरिता-सान दोन्ही हात हलवत म्हणाले, "छे छे, भलतंच काय!" टेबलाटेबलावरून "छे छे" उठलं. झालं. साक्षीदारांसमोर एकदा छे छे म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. ब्रेमर-सेन्सेई आणखी एक सीझन राहिले.

मी घरी येऊन हे मिलिंदला रंगवून सांगितलं. तो इतका हसला की मीही स्वतःवर खूश झाले. मोरिता-सान मुळात हे का करत होते, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मला वाटलं, वय. इथे वयाची शिस्त असते.

त्या सीझनमध्ये सेन्सेई सतत चेलोवाल्यांवर चिडलेले असत. चेलो त्यांच्या डाव्या हाताला बसत. "त्यांना सांगा, मांजर दूध पितंय इतका तरी आवाज काढा." मी सांगे, "चेलोचा सुंदर आवाज आणखी जवळून ऐकायला सेन्सेई उत्सुक आहेत." चेलोवाले बिचारे मोठ्याने वाजवत. मग कंडक्टर त्यांना हळू करायला सांगे. मग सेन्सेई पुन्हा चिडत. चेलोवाल्यांनी एकदाही म्हटलं नाही की आम्ही पूर्वीसारखंच वाजवतो आहोत.

सेन्सेईंच्या शेजारी, त्याच बाकावर, सावादा-सान बसायच्या. पन्नाशीतल्या, बुटक्या, हसऱ्या. पानं उलटायचं काम त्यांचं. एका तालमीत सेकंडवाल्यांनी आत यायची जागा आली, सगळे आत आले, छान आले. सेन्सेईंनी मात्र बो खाली घेतला. कंडक्टर पुढे गेला, ऑर्केस्ट्रा पुढे गेला आणि ते मान वळवून आपल्या मागच्या माणसांकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात बसले होते, मला दिसत होतं ते त्यांनाही दिसलं. कुणाचीच नजर त्यांच्या खांद्यावर नव्हती. सगळे सावादा-सानांच्या कोपराकडे बघत होते.

सुट्टी झाल्यावर त्यांनी मला आणि सावादा-सानांना बाहेर बोलावलं. पेयांच्या मशीनपाशी आम्ही तिघं उभे. सावादा-सानांनी गरम चहाचा डबा दोन्ही हातांत धरला होता, उघडला नव्हता.

"हिला विचारा, कधीपासून सगळे हिच्याकडे बघतायत?"

मी विचारलं. सावादा-सान खूप वेळ बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की सेन्सेईंची आत येण्याची पद्धत फार विचारपूर्वक असते, तिच्यात खोली असते, पण मागच्या तरुण मुलांना ती पटकन कळत नाही, मुलं घाबरतात, म्हणून त्या आपल्या किंचित, अगदी किंचित आधी हालचाल करतात, आणि हे सेन्सेईंना आवडलं नसेल तर त्या मनापासून क्षमा मागतात.

सेन्सेई माझ्या ओठांकडे बघत होते. मी या कामात आयुष्य घालवलं होतं, खरखरीत वाक्यं घासून गुळगुळीत करण्यात. इथे एक वाक्य आधीच इतकं गुळगुळीत होऊन आलं होतं की त्याच्यात काय आहे ते हाताला लागलं नसतं. तसंच पुढे दिलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता.

मी जर्मनमध्ये म्हटलं, "तुम्ही उशिरा येता. बऱ्याच दिवसांपासून. त्यांनी झाकून घेतलं."

त्यांनी डोळे मिटले. सावादा-सानांना जर्मन येत नाही, पण सेन्सेईंचा चेहरा पाहून त्या रडायला लागल्या आणि मला विचारू लागल्या, "जोशी-सान, तुम्ही काय सांगितलंत? काय सांगितलंत त्यांना?"

थोड्या वेळाने सेन्सेईंनी डाव्या कानावर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "मला वाटत होतं चेलोवाले आळशी झालेत," ते म्हणाले. व्हायोलिन डाव्या जबड्याखाली असतं. दिवसाचे कित्येक तास, तेही आयुष्यभर, ते त्याच कानात वाजत असतं. व्हायोलिनवाल्यांचा डावा कान आधी जातो हे ते स्वतःच विद्यार्थ्यांना सांगत. डावीकडून येणारे सूर त्यांना पुरते पोचत नव्हते, त्यांची वाट बघण्यात त्यांना उशीर होत होता. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मोरिता-सानांना माहीत होतं. समोरच्याला तोंडावर खरं सांगणं हाच ज्या माणसाचा धर्म, त्याला एवढ्या माणसांपैकी एकानेही खरं सांगितलं नव्हतं. त्यात मीही होते, फक्त मला माहीत नव्हतं, कारण मला संगीतातलं काही कळत नाही.

त्यांनी सावादा-सानांना हात पुढे केला. सावादा-सान वाकल्या. सेन्सेई वाकायला गेले तोवर सावादा-सानांनी हात पुढे केला. शेवटी कसंबसं जमलं.

मग ते मोरिता-सानांकडे गेले आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, मी जातो." मी सांगितलं. आणि मोरिता-सान काय म्हणाले असतील? "छे छे, असं कसं!" सेन्सेईंशिवाय ऑर्केस्ट्राची कल्पना करवत नाही म्हणाले. काढायचं होतं तेव्हा हा माणूस हलायला तयार नव्हता, आता तो जायला निघाला तर शिष्टाचार त्याला उंबरा ओलांडू देईना. ही ये-जा बरेच दिवस चालली. शेवटी मीच मोरिता-सानांना बाजूला घेऊन सांगितलं, "सेन्सेईंना कानाचं कळलं आहे." ते एकदम खुर्चीत बसले. म्हणाले, "फार त्रास झाला का हो त्यांना?" त्यांच्या आवाजात मला तेव्हा पहिल्यांदा न विणलेलं, साधं काहीतरी ऐकू आलं.

शेवटच्या कार्यक्रमाला सेन्सेईंनी एकच अट घातली. सावादा-सान पुढे बसतील आणि ते सगळ्यात मागच्या बाकावर. प्रेक्षकांना काही कळलं नाही. शेवटी सेन्सेईंना फुलांचा गुच्छ द्यायला एक मुलगी पहिल्या बाकापाशी गेली, ते तिथे नव्हते, मग ती शोधत शोधत मागे गेली, तेव्हा कुठे टाळ्या वाढल्या.

नंतर कपडे बदलून आले ते हादरलेले होते. मला वाटलं निरोपाचं दुःख. "तुम्हाला माहीत आहे का," ते म्हणाले, "मागे पुढचा आवाज उशिरा पोचतो? ऐकून वाजवलं तर उशीरच होणार. ही माणसं नुसत्या नजरेवर वाजवत होती. आणि मी त्यांना काय काय बोललो!"

"त्यांना ते समजलं नाही," मी म्हटलं. "मी समजू दिलं नाही."

ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "तुमच्याशिवाय मला या देशाने पहिल्याच वर्षी हाकललं असतं." माझ्या कामाला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. आतला अर्थ असा, की मी माझं काम कधीच नीट केलं नव्हतं.

ते जर्मनीला परत गेले नाहीत. म्हणाले, तिथे आता मला कुणी ओळखत नाही, इथे निदान कोनबिनीवाला ओळखतो. शिकवणं चालू ठेवलं. मी एदोगावा या आमच्या वॉर्डातलं सार्वजनिक सभागृह शनिवारी सकाळी मिळवलं आणि तिथे मुलांचा एक छोटा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. निम्मी मुलं जपानी, निम्मी आपली. सेन्सेईंनी कानाला यंत्र लावलं होतं, तरी मूल वाजवायला लागलं की ते खुर्ची फिरवून उजवा कान त्याच्याकडे करत. मुलांना वाटे सेन्सेई रुसलेत. रुसवा जावा म्हणून ती आणखी नीट वाजवत.

जपानी पालक गुच्छासारखे बसत आणि आभार मानत. आपले पालक प्रश्न विचारत. त्यात पुढे होते निखिल देशमुख. कोथरूडचे, मोठ्या कंपनीत टीम लीड, सायकलला पुढे-मागे दोन टोपल्या. त्यांची मुलगी आर्या नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. सेन्सेईंनी तिला सेकंडमध्ये बसवलं. पुढच्या शनिवारी देशमुखांनी मला गाठलं.

"ताई, एक क्लिअर करायचं होतं. हे सेकंड का?"

मी सेकंड म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे हो. पण प्रमोशन केव्हा? म्हणजे पहिल्यात जायचा क्रायटेरिया काय?"

मी सेन्सेईंना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, पहिल्यांत बसणारी मुलं मला कुठेही मिळतील. ही एकटी मुलगी आहे जी वाजवताना दुसऱ्यांचं ऐकते. तिला हलवलं तर मी दुकान बंद करतो."

देशमुखांना मराठीत सांगितलं. ते थोडे सुखावले, थोडे नाही. "पण सर्टिफिकेटवर सेकंड लिहिणार का? लोकांना वाटेल दुसरा नंबर आला."

इतक्यात आर्या मधे बोलली. जपानीत, भराभर, बापाकडे न बघता माझ्याकडे बघून. देशमुखांना ऑफिसपुरतं जपानी येत होतं, पण हे लहान मुलांचं, शब्द खाऊन बोललेलं. त्यांच्या हाती लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच मी एका मराठी मुलीचं म्हणणं तिच्या मराठी बापाला भाषांतर करून सांगितलं.

"ती म्हणतेय, तिला तिथेच बसायचंय. तिथे बसलं की आपण सगळ्यांच्या मधे असतो. आणि बाबा, तुम्ही पहिलं-पहिलं करू नका, मला लाज वाटते."

शेवटचं वाक्य मी गाळू शकले असते. देशमुख जरा वेळ सायकलच्या किल्लीशी खेळत राहिले. "घरी पण अशीच बोलते," ते म्हणाले. "आम्ही मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते. निम्मं मला कळतं, निम्मं मी गृहीत धरतो."

वॉर्डाच्या एका मेळाव्यात मुलांचा कार्यक्रम झाला. देशमुखांनी सगळा चित्रित केला. एका उंच मुलाच्या पाठीमुळे आर्याचं फक्त कोपर दिसत होतं. ते हिरमुसून म्हणाले, "ताई, तिचं वेगळं असं काही ऐकूच आलं नाही." मी ते सेन्सेईंना सांगितलं नाही, ते खूश झाले असते आणि देशमुख आणखी दुखावले असते.

पण पुढच्याच आठवड्यात ते मला स्टेशनच्या सायकल स्टँडवर भेटले आणि घाईघाईने फोन माझ्या कानाला लावला. "हे ऐका. इथे. इथे पहिलेवाले थांबतात बघा. आता! ऐकलंत? हा फक्त सेकंडचा आवाज आहे. हे ते खाली सगळा वेळ करतच असतात. मला दिसलंच नव्हतं. म्हणजे, ऐकू आलं नव्हतं."

हे मी सेन्सेईंना सांगितलं, अजिबात घासूनपुसून न घेता. ते म्हणाले, "त्या गृहस्थांना विचारा, त्यांना स्वतःला शिकायचंय का."

देशमुख आता दर शनिवारी मुलांच्या मागे, शेवटच्या खुर्चीत, भाड्याचं व्हायोलिन घेऊन बसतात. गुडघे खुर्चीत मावत नाहीत. आर्या त्यांच्या पुढे बसते आणि मागे वळून बघत नाही, पण पान उलटायची वेळ झाली की डाव्या हाताने त्यांना खूण करते. पहिल्या दिवशी त्यांनी बो ओढला तेव्हा सेन्सेईंनी यंत्र कानातून काढून खिशात ठेवलं आणि एक वाक्य बोलले. इतक्या वर्षांतलं त्यांचं ते सर्वांत जहरी वाक्य असावं. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली.

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. देशमुख कोथरूडचे. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आता त्यांना सांगा, ऐकायचं यंत्र परत घाला, मी पुन्हा वाजवतोय."